फाटे

मुनीरोद्दीनसाहेबांनी नकाशा उलटा धरला होता,
मी सरळ करून दिला; तरी तो उलटाच दिसत होता.
डोक्यावर समुद्र, त्यात जमिनीची चिरगुटं,
झेरॉक्सवाल्यानं आठ कागद डिंकानं जोडलेले,
एका जोडानं अख्खं बेट गिळलेलं.

पोरगा तिकडं मासे मोजायच्या खात्यात आहे.
त्यानं बारा दिवसांचं बोलावणं धाडलंय, दोघांना.
साहेबांची बीबी विमानाला भीते, म्हणून दुसरा मी.
"आठ दिवस त्याचे," साहेब म्हणाले, "चार आपले.
त्या चारात फाटे बसवायचे."

जिंतूर डेपोत तीस वर्षं ते कंट्रोलर, मी कंडक्टर.
त्यांना येतं ते एवढंच:
कुठली गाडी कुठून सुटून
कुठल्या फाट्याला कुणासाठी थांबते.
फूटपट्टी लावली. "हे गाव ते ते गाव,
आपलं बोरी ते झरी. चाळीस मिनिटं, चहा धरून."
मी म्हटलं, मधी रस्ताच नाही, साहेब.
डोंगर थेट पाण्यात उतरलेत.
आठवड्यातून तीनदा लाँच, वारा असला तर तीही नाही.
बराच वेळ ते त्या निळ्याकडं बघत राहिले,
स्टँडासमोरच्या वडापकडं बघायचे तसे.

मग भरती-ओहोटीचा तक्ता निघाला.
दिवसातून दोनदा येणार, दोनदा जाणार,
आणि रोज पन्नास मिनिटं लेट.
"रोज?"
रोज.
"अन् कुणी मेमो देत नाही?"

त्या दिवसांत तिकडं सूर्य मावळत नाही,
हे मी वाचून दाखवलं. साहेबांनी चष्मा काढला.
रात्रच नाही तर मुक्कामी गाडी मुक्काम कुठं करणार?
मगरिबची नमाज कुणाला विचारून पढायची?
वहीत लिहिलं: पोराला विचारणे.
त्याखाली: अस्वल. तेही विचारणे.

फोनवर पोरगा हसला.
"अब्बा, उगं फाटे फोडू नका.
मैं ले जाता ना सब जगह."
साहेब म्हणाले, "हौ."
फोन ठेवला, आणि लाल पेनानं आणखी एक फाटा काढला
पार टोकाला, जिथं गावांची नावं संपून
नुसता दीपस्तंभाचा ठिपका होता.
तिथं कशाला?
"तीस वर्षं लोकायला फाट्यावर उतरवलं आपण.
कंदील घेऊन कुणी उभं असायचं, कधी नसायचं.
उतरलेला माणूस पुढं कुठं जातो,
बघितलं का एकदा तरी?"
मी बेल मारायचो. दोन टोले. गाडी निघायची.

आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नाही.
म्हणून रविवारी येलदरीला गेलो, सरावाला.
मोटारसायकलवर धपाटे, शेंगदाण्याची चटणी
आणि मे महिन्यात अंगात स्वेटर, वजन कळावं म्हणून.
धरणाच्या वरच्या अंगाला पाणी मागं हटलेलं,
भेगाळल्या गाळात शिंपले, फुटका रांजण,
बुडालेल्या कुठल्या तरी गावच्या चिंचेचा काळा बुंधा.
साहेबांनी पाण्याच्या कडेला काडी रोवली.
घड्याळ बघितलं.
एक टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत राहिली.

एक तास. दीड.
काडी कोरडीच.
मी म्हटलं, हे पाणी रोज जात-येत नाही, साहेब,
हे जुलै-ऑगस्टात येतं. आलं तर.

त्यांनी घामेजली बोटं स्वेटरला पुसली, वही उघडली
आणि डेपोतल्या फळ्यावरच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं:
येलदरी, उत्तर किनारा.
भरती उशिराने.

मग धपाटं मोडून अर्धं माझ्याकडं सरकवलं.
व्हिसाचं काही आलं का रे?
नाही आलं.
टिटवी थांबेना. जवळच कुठं तिची अंडी असावीत.
आम्ही उठलो, दहा पावलं सरकून
पुन्हा पाण्याकडं तोंड करून बसलो.