घरी

टिळकनगरच्या पालिका शाळेत, तिसरी 'ब'च्या वर्गात
संध्याकाळी सातला आमचं मराठी सुरू होतं.
बाकं आठ वर्षांच्या मुलांची. सगळ्यांचे गुडघे बाहेर.

फळ्यावर लिहिते: कुर्ला. पुढे एक बाण.
रामसूरत राजभर ओरडतो, "कुर्लाला!"
नाही हो. कुर्ल्याला.
जायचं म्हटलं की नाव आधी जरासं वाकतं.
ठाणे, ठाण्याला. भायखळा, भायखळ्याला.
"आणि दादर?"
दादर नाही वाकत. चेंबूरही नाही.
"मोठे लोक आहेत तिकडे," तो म्हणतो. मागे हशा.
गोवंडीही वाकत नाही, मी सांगते.
तो गप्प होतो. गोवंडीतच राहतो तो.

मग घर.
सगळ्यांच्या वह्यांत: मी घराला जातो.
घराला रंग देतात, कुलूप लावतात,
घराला नोटीस चिकटवतात
(राजभर मान डोलावतो, हा प्रयोग त्याला पाठ आहे).
जायचं मात्र घरी.
"आणि पोचल्यावर?"
तेव्हाही घरी.
"म्हणजे निघालो काय, पोचलो काय, एकच?"
तीस वर्षं शिकवतेय,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

माणसाला तर जाताच येत नाही.
माणसाला पैसे द्यावेत, शिव्या द्याव्यात,
जायचं तर माणसाकडे.
कडेपर्यंतच,
हे फळ्यावर लिहीत नाही.

बिन्सी कुरियन, रात्रपाळीची नर्स, हात वर करते.
तिच्या भाषेत म्हणे दोन वेगळी शेपटं:
घरात असणं, वीट्टिल्.
घराकडे निघणं, वीट्टिलेक्क्.
पुन्हा म्हण. ती म्हणते.
अगं, यात लेक आहे!
"लेक म्हणजे?"
मुलगी.
ती हसते, मग मोबाइल उलटा ठेवते बाकावर.
"आहे. पाच वर्षांची. कोट्टयमला...
की कोट्टयममध्ये?"
दोन्ही चालतं, मी म्हणते,
आणि उगाच फळा पुसायला लागते, पुसलेला.

साडेआठला शिपाई दिवे घालवतो.
फाटकाबाहेर राजभर रिक्षा वळवून उभा.
"कुठे, बाई?"
शेल कॉलनी, मी म्हणते,
या शहरात सगळे म्हणतात तसं,
नुसतं नाव, मागे काहीच न लावता.
"शेल कॉलनी-*ला*," तो म्हणतो,
आणि मीटर टाकतो.