पाचाला पाच दिवस कमी

शनिवारी रात्री, लुलूच्या पावतीच्या पाठीवर
मी उद्याचा रविवार मांडतो.
पार्टिशनच्या पलीकडे कुणाची तरी फोडणी तडतडते,
अलीकडे तू, पर्णिका, एक पाय माझ्या उशीवर टाकून.
वर लिहितो: वीस दिरहम. खाली रेघ.

मेट्रो, जाऊन-येऊन माझे सहा.
तुझं शून्य. पाच वर्षांखाली फुकट,
आणि तुला पाच लागायला अजून पाच दिवस आहेत.
हे शून्य मी जरा मोठंच काढतो,
गिरवतो पुन्हा.

खाडी ओलांडायला अब्रा, एक जाताना, एक येताना.
तू मांडीवर. मांडीला कोण तिकीट मागतं?
मत्स्यालयाऐवजी देऱ्याचा मासळीबाजार,
तिथे सुरमईच्या डोळ्यात डोळा घालून बघता येतं,
आणि मधे काच नाही.
उन्हं चढली की एसीवाला बसथांबा, अर्धा तास, फुकट.
बस येईल. आपण चढायचं नाही.
मला करक चहा एक. तुला तिखटमिठाच्या पुऱ्या, डब्यातून.
हट्टासाठी पाच.
शिल्लक सहा, ते पुढच्या रविवारी.

बाटली फ्रीजरमध्ये ठेवतो.
तुझी आई फार्मसीतून येते, पावती वाचते,
'हट्टासाठी पाच' वर बोट ठेवते
आणि काही न बोलता दिवा घालवते.

*

सकाळी जिन्यात तुला पढवलं होतं:
कुणी विचारलं तर चार बोटं.
आणि डब्यात ती तपासनीस बाई आली, सगळ्यांची कार्डं लावून बघत,
तुझ्यासमोर वाकली, हसली, विचारलं,
तर तू पाच दाखवलीस,
अंगठा अर्धा दुमडून.
"हा अजून यायचाय," म्हणालीस, मराठीतच.
तिला काय कळलं कोण जाणे.
तिने त्या अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पुढच्या माणसाचं कार्ड मागितलं.
पुढचं स्टेशन येईपर्यंत माझे कान तापलेले.
खोटं तर मी बोललो नव्हतो.
नियमात बसत होतं सगळं.

अब्रात तू मांडीवर बसेनास.
"मांडीवर बाळं बसतात."
लाकडी फळीवर, दोन कामगारांच्या मधे, पाय लोंबकळत,
आणि हात माझ्यापुढे पसरलेला: माझा दिरहम दे.
हट्टाच्या खात्यातून एक गेला.
तू तो स्वतः नेऊन दिलास नावाड्याला.
वाटलं, गालाला हात लावून परत करेल,
लोक करतात तसं.
त्याने उलटसुलट पाहिला, डब्यात टाकला,
आणि तुझ्याकडे बघून मान हलवली,
जशी माझ्याकडे बघून हलवली होती.
बरं केलं त्याने.
पलीकडच्या काठापर्यंत तू ताठ बसलीस,
पक्षी अगदी डोक्यावरून गेले तरी.

बाजारात हमूरचं उघडं तोंड बघून
"हा कुणाला हाक मारतोय?" विचारलंस.
कोळ्याने बर्फाचा एक खडा तुझ्या हातावर ठेवला,
तो तू बसथांब्यापर्यंत मुठीत धरलास,
मग मूठ उघडलीस आणि रडलीस.
त्यावर उपाय दोन दिरहमचं आइस्क्रीम.
येताना अब्रात पुन्हा तुझा एक.
मी चहा घेतला नाही.

*

रात्री आईने विचारलं, काय काय बघितलंस?
मी पावती काढली, बाटलीच्या पाण्याने भिजलेली,
शाई पसरून सहाचं शून्य झालेलं.
हिशोब सांगणार होतो.
पण तू आधीच पलंगावर उभी:
मासा नाही, खाडी नाही, तो दिरहमसुद्धा नाही.
"आई, एक थंड घर आहे रस्त्यावर, काचेचं.
तिथे आम्ही बसलो ना, तर एक लाल बस आली,
एवढी मोठी,
दार उघडून आमच्यासाठी थांबली,
ड्रायव्हरकाका बघत राहिले, बघत राहिले,
आणि आम्ही गेलोच नाही!"