ऐंशी रुपयांचा फरक

तारामुंबरीत कुबलांच्या पत्र्यावर
डिशचं तोंड सरळ करून खाली उतरलो
तेव्हा घरातली चार माणसं
टीव्हीसमोर बसली होती, पंचांसारखी.

"आता दाखव," गुंडूकाका म्हणाले,
"ऐंशी रुपये जास्ती कित्याक ता."

मी साधा चॅनल लावला. मग त्याचाच एचडी.
पुन्हा साधा. पुन्हा एचडी.
तीच बाई तीच बातमी सांगत होती,
एकदा जरा मऊ, एकदा जरा कडक,
पेजेतलं शीत आणि भातातलं शीत, एवढाच फरक.
"हां, आता झाला."
"खय झाला? ह्यो आदलोच."
"आदलो खयचो?"

सून प्रणिता एकटी पुढे सरकली,
पडद्यापासून चटईभर अंतरावर,
म्हणाली, हिच्या गालावरची पावडर दिसते,
कानाशी ती संपते तेही दिसतं.
मग उठून काकांच्या खुर्चीमागे उभी राहिली.
म्हणाली, इथून नाही दिसत.

मी टेप काढली. बारा फूट.
कंपनीनं दिलेलं कोष्टक माझ्या पाकिटात असतं:
बत्तीस इंचाला पाच, फार तर सहा.
"खुर्ची पुढे घ्या, काका."
खुर्ची हलणार नव्हती.
तिथूनच दारातून जेटीचं टोक दिसतं
आणि कुणाची होडी किती भरून आली
ते ती पाण्यात किती बसली यावरून कळतं.
दोन होड्यांच्या मधे वेळ उरला
तर बातम्या.

मग तिरक्या उजेडात काच दिसली.
खाऱ्या वाऱ्याचा थर, गणपतीपासूनचा असेल,
आणि त्यात नातवानं बोटानं काढलेला
शेपटी नसलेला मासा.
मी रुमाल ओला केला, पिळला, पुसलं,
कोरड्या बाजूनं पुन्हा पुसलं.

"बघ!" वासंतीकाकींनी मांडीवर थाप मारली,
"ह्येकाच म्हणतत एचडी!"

रिमोट माझ्या हातात होता.
चॅनल साधा होता.

या महिन्यात सोळा पॅक विकायचेत,
झालेत नऊ.
मी घसा साफ केला, आणि काही बोललो नाही.

तेवढ्यात काकींनी पेनड्राइव्ह आणला,
जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं लग्न.
नव्या पडद्यावर सगळं वऱ्हाड आडवं सुजलं,
नवरदेवाचा चेहरा म्हणजे चार गुलाबी चौकोन,
मंडप पाण्याखाली असल्यासारखा हलणारा.
मी म्हटलं, याला आता काही करता येत नाही.
पण काकी नावं घेत सुटल्या होत्या:
ही आमची शेवंता, चालता बघ कशी,
तो मागे फणसाखाली उभा तो बाळग्या, रुसलेलो,
ती पाठमोरी, अबोलीचा वळेसर, ती तुझी मावससासू.
"खयची?" प्रणितानं डोळे बारीक केले.
"इतक्या सपष्ट दिसता
आणि तुका दिसणा नाय?"

मला बोलावंच लागलं.
म्हटलं, मघाचा चॅनल साधाच होता, काकी.
मी फक्त काच पुसली.

काकी गप्प झाल्या.
काका दाराबाहेर बघत होते.
"माका म्हायत होता," म्हणाले.
"वरच्या कोपऱ्यात ती दोन अक्षरां खय होती?"

ती अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी असतात.
बारा फुटांवरून.
मी पुन्हा टेपकडे बघितलं.

पॅक घेतला नाही त्यांनी.
येण्याजाण्याचे अडीचशे दिले, वर पिशवीत सुकट,
आणि काच कशानं पुसायची ते दोनदा विचारून घेतलं.

चढावर गाडी थांबवून
मी त्याच रुमालानं चष्मा पुसला.
समोरच्या पवनचक्क्या
होत्या त्याहून जाड झाल्या,
कडेनं पिठूळ,
आणि किती आहेत ते
मोजता येईना.