म्हशी धुतात तिथं

पणजोबांचं नाव मला तीन ठिकाणी सापडलं.
थडग्यावर: रेव्ह. दानियल समुद्रे, आणि तारखेवर शेवाळ.
दरबारच्या कागदात: दान्या ढोर, ऊर्फ पाद्री.
आत्याच्या तोंडी नुसतं: बुडवे पाळक.

"बुडवे का गं?"
"माणसं बुडवायचे म्हणून," आत्या म्हणाली
आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत राहिली.

पुराभिलेखागारात मोडी वाचायला
इंगवले भेटले, निवृत्त तलाठी,
तासाला शंभर रुपये, वर चहा.
कागद नाकाशी धरून वाचतात,
आधी वास, मग अक्षर.
"अर्जदार घाटावरील समस्त. ऐसे की,
सदरहू पाद्री नदीत माणसे उलथी पाडतो,
पाणी विटाळते, हुकूम व्हावा."
खाली हुकूम, तिरपा, घाईतला:
"घाटाखाली, म्हशी धुतात तेथे करावे."
इंगवले हसले, मग माझ्याकडं बघून थांबले.
त्या दिवशीचा दुसरा चहा त्यांनी सांगितला.

तर तिथं.
माघातल्या थंडीत अकरा माणसं,
कातडी कमावून हात बाभळीच्या सालीच्या रंगाचे,
कमरेएवढ्या पाण्यात एकेक मागं झुकलेलं,
पाठीखाली पणजोबांचा हात,
आणि भोवती रवंथ करत बघणारी मंडळी.

मिशननं त्यांना आधीच काढलं होतं.
मिशनला कपाळावर तीन थेंब पुरत.
हे म्हणाले, पुरत नाहीत.
मेलेल्या माणसाला कुणी चिमूटभर मातीत पुरतं का?
या एका वाक्यापायी महिना नऊ रुपये गेले,
बंगल्यामागची खोली गेली,
पणजीनं लावलेला शेवगा तिथंच राहिला.

मला खरं तर भाच्यासाठी कागद हवा होता,
पन्नासच्या आधीचा, शिक्क्याचा,
आपण कोण होतो ते ज्यात एका रकान्यात बसेल.

वही शेवटी आत्याकडंच निघाली,
शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांखाली.
रकाने त्यांनी स्वतः आखलेले:
जुनं नाव, नवं नाव, पाण्याची खोली.
खरंच, पाण्याची खोली. हात आणि वितीत.
रखमाची रिबका झाली, दीड हात.
मसूचा मत्तय, दोन हात एक वीत.
(मसू उंच असणार.)
जातीला रकानाच नव्हता.
भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मग उपयोग काय?

सत्तेचाळिसावी नोंद, शाई पातळ:
"माझी आई. जुने नाव तुळसा. नवे नको म्हणते.
अंथरुणातून हलवत नाही.
तांब्यातले पाणी, कपाळावर.
खोली"
आणि पुढं काही नाही.
एक डाग, टाक बराच वेळ टेकवून ठेवल्यासारखा.

त्यानंतर चार रविवार
त्यांनी उपदेश केला नाही म्हणे,
नुसती गीतं म्हणून घेतली.
हे आत्यानं कुणाकडून ऐकलं, तिला आठवत नाही.
"खोटंही असेल," ती म्हणाली. "पण चारच. पाच नाही."

संध्याकाळी मी पंचगंगेवर गेले,
घाट सोडून खाली, पूल ओलांडून.
म्हशी होत्याच.
पशुखाद्याची जाहिरात छापलेल्या शर्टातला एक पोरगा
काथ्यानं एकीची पाठ घासत होता.
"काय हरवलंय का, मावशी?"
"न्हाई," म्हटलं. "इथं पाणी किती असंल?"
त्यानं हात कमरेशी धरला, मग जरा वर नेला.
"इथवर. फुडचं काय सांगता येत न्हाई."

तेवढ्यात त्याची म्हैस काठाला आली
आणि तिनं अंग झाडलं.
चष्मा पुसून मी परत घातला.
वही पिशवीत होती, कोरडी.