लेडी एडनाचा निळा

ग्रिम्स्बीत फेब्रुवारीत चार वाजताच दिवा लावावा लागतो
आणि दिव्याखाली कुठलाच निळा खरं बोलत नाही.
म्हणून मी सकाळी दहाला बसते, खिडकीशी,
टेबलावर कॉर्नफ्लोअर भुरभुरून,
पाऊण किलो पांढरा फॉन्डंट
तळहातांनी रेटत, ऊब देत,
तो हट्ट सोडेपर्यंत.

हॉरेसकाका रविवारी ऐंशीचा होतोय.
केक ट्रॉलरच्या आकाराचा हवा, हे बाबांनी ठरवलं.
तो मी करायचा, हेही त्यांनीच.
लेडी एडना. दोघं भाऊ एकवीस वर्षं तिच्यावर.
दर वसंतात बाबा तिला रंगवायचे,
दोरीला लोंबकळत, नावाच्या अक्षरांपर्यंत.
मग ती भंगारात गेली.
फोटो उरले, तेही काळे-पांढरे.

टूथपिकच्या टोकावर जेल घ्यायचं, राईएवढं.
पातळ रंग नको, फॉन्डंटला घाम फुटतो.
टोचायचं, दुमडायचं, ओढायचं, पुन्हा दुमडायचं.
आधी शिरा उमटतात,
आईच्या पोटऱ्यांवर शेवटी शेवटी होत्या तशा.
मग त्या विरत जातात.
मला दरवेळी तिथेच थांबावंसं वाटतं
आणि मी थांबत नाही.

"हा नव्हे."
बाबा दारात, हातात कप.
मी काळ्याचं टोक लावते.
"हा पोलिसांचा."
हिरव्याचा कण.
"हा हॉस्पिटलचा पडदा."
थोडा पांढरा गोळा तोडून मिसळते.
"हा कुणाचाच नाही."
नाकारलेले गोळे क्लिंगफिल्ममध्ये गुंडाळून ओळीने ठेवते,
उघडे राहिले तर कातडी धरतात.
हातमोज्याचं एक बोट फाटलंय,
माझं नख आता त्या सगळ्या चुकांच्या रंगाचं.

"मग कसा होता, ते तरी सांगा!"
बाबा कप खाली ठेवतात.
ओल्या डांबराशेजारी दिसायचा तसा, म्हणतात.
बर्फ वितळून वाहिल्यावर.
त्याला काय म्हणतात, मला माहीत नाही.
डब्यावर नुसता नंबर असायचा.

मग ते एक डोळा झाकतात.
गेल्या महिन्यात उजव्याचा मोतीबिंदू काढला,
डाव्याचा नंबर एप्रिलमध्ये.
डावा झाकून: "शी, किती भडक."
उजवा झाकून: "हाच की. हाच तो."
पुन्हा डावा झाकून.
पुन्हा उजवा.
कप निवतो. बाहेर सीगल कचऱ्याच्या डब्यावर भांडतात.
"रंगवली ती असल्या डोळ्यांनी," उजव्याकडे बोट नेत ते म्हणतात,
"आणि आठवत बसलो तो तसल्या."
याच्यावर काय बोलायचं?
मी मळत राहते.

रात्री रंग आपला आपण गडद होतो,
कुणी हात न लावता.
हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.
सकाळी ते पायजम्यातच खाली आले,
गोळा उचलला, खिडकीशी नेला,
एकही डोळा न झाकता म्हणाले, "चालेल."
चालेल! तीन दिवसांच्या खटाटोपाला.
मी लाटला, केकवर पांघरला,
कडा बोटांनी दाबल्या, सुईने हवेचे बुडबुडे फोडले.
नावाची अक्षरं त्यांनीच कापली.
हात थरथरला तो फक्त शेवटच्या 'ना'ला.

रविवारी हॉरेसकाकाने चष्मा कपाळावर चढवला,
केककडे बराच वेळ पाहिलं.
"सुरेख आहे गं," म्हणाला,
"पण एडना तर हिरवी होती."

कुणीतरी हसलं. मी नाही.
बाबांनी सुरी उचलली
आणि नाळेचा सगळ्यात मोठा तुकडा
भावाच्या ताटलीत ठेवला.
"खा," म्हणाले.
खाल्ला त्याने.
दोघंही खात राहिले, जुन्या हवामानाबद्दल बोलत,
जिभा, दात, ओठ,
दोघांचेही निळे होईपर्यंत.