एक बाही

आमच्या घरात विस्तव पाळलेला होता.
गुरुवार पेठेत, बोळाच्या तोंडाशी, पत्र्याच्या टपरीत
वडील कोळशाच्या इस्त्रीने लोकांच्या सुरकुत्या काढत.
सकाळी निखारे फुलवायचे ते,
रात्री पाणी मारून विझवायचो मी.
म्हणजे नोकरी तशी जुनीच.

भरतीच्या मैदानावर
पन्नास किलोचा वाळू भरलेला माणूस
खांद्यावर टाकून पळालो.
त्याला चेहरा नव्हता, त्यामुळे जमलं.
शिडीच्या अकराव्या पायरीवर गुडघे लटपटले
तेव्हा भिलारे तांडेल ओरडले,
"खाली काय बघतोस? खाली मी आहे!"

मग सहा महिने
होज उलगडा, होज गुंडाळा, ओले होज वाळत घाला,
कपलिंगला तेल, घंटेला ब्रासो.
शेजारच्या सोसायटीतल्या आजोबांना वाटायचं
आम्ही नुसते कॅरम खेळतो.
खेळायचोही.

आमच्याकडे वर्दी म्हणजे अंगावरचे कपडे नव्हेत.
वर्दी म्हणजे कुणीतरी हाक मारली.

पहिली वर्दी: कात्रज चौकात ऑइल सांडलंय.
घंटा वाजवत गेलो, माती टाकून आलो.
दुसरी: वडाच्या शेंड्यावर, मांजात गुंतलेली घार.
सोडवताना तिने अंगठा फोडला आणि
वळूनही न बघता गेली पर्वतीकडे.
तिसरी: सहकारनगर, दुसरा मजला,
लॅच लागलेलं, आई बाहेर,
आत अडीच वर्षांचा मुलगा आणि शिट्ट्या देणारा कुकर.
मी ग्रिल कापून खिडकीतून पाय टाकला
तर तो म्हणाला,
"बूट काढून या."

आग आली अकराव्या महिन्यात.
टिंबर मार्केट, पहाटेचे पावणेतीन.
बाहेर एक गृहस्थ सांगत होते,
बंब जरा पुढे घ्या, माझी स्कूटर अडकलीय.
आत
आग दिसतच नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं.
दिसत काहीच नाही.
गुडघ्यांवर रांगायचं, होजवरचा हात काढायचा नाही.
"परतीची वाट तीच आहे," भिलारेंचा आवाज, मास्कमधून,
विहिरीतून आल्यासारखा.

मागच्या खोलीत रखवालदार होता.
वाळूच्या माणसापेक्षा हलका.
चेहरा होता.
रिक्षाएवढ्या अंतरात मी त्याला तीनदा सांगितलं,
आलोच, आलोच, आलोच.
रुग्णवाहिकेतल्या मुलीने फक्त मान हलवली.

घरी गेलो तेव्हा वडिलांनी काही विचारलं नाही.
शर्ट हातात घेतला, नाकाशी धरला.
कापड करपायच्या आधी एक वास सुटतो,
चाळीस वर्षं तोच तर ओळखत आले ते.
त्या दिवशी टपरीत निखारे फुलले नाहीत.
गिऱ्हाइकांना सांगितलं, कोळसा संपलाय.
पोतं भरलेलं होतं.

आता सातवं वर्ष.
कुठल्याही मंगल कार्यालयात मी आधी दुसरा जिना शोधतो,
मग नवरा-नवरीकडे बघतो.
झोपण्यापूर्वी रेग्युलेटर तीनदा.
भिलारे निवृत्त होऊन भोरला भात लावतात,
फोनवर अजून विचारतात, "पंप कसा आहे?"
माझी विचारपूस त्याच्यानंतर.
नवी मुलं येतात, डोळ्यांत ज्वाळा घेऊन.
साहेब, आग कधी?
मी त्यांना होज वाळत घालायला लावतो.

आज माझी सुट्टी.
वडील माझा खाकी शर्ट घेऊन बसलेत.
हात कापतो हल्ली त्यांचा,
इस्त्री ठेवली की मात्र थांबतो.
कॉलर झाली. पाठ झाली. उजवी बाही.
फोन वाजला. मोठी वर्दी आहे,
सुट्टीवाल्यांनीही या.

शर्ट त्यांच्या हाताखालून ओढला, गरमच अंगात घातला,
गाडीला किक मारली.
मागून, बोळाच्या तोंडातून,
त्यांचा आवाज आला:
"अरे, डावी बाही राहिली!"

आणि मग, जरा थांबून,
"आल्यावर करू."