मागच्या सात दिवसांत

तक्त्यावरचा नववा प्रश्न मला पाठ आहे:
मागच्या सात दिवसांत
सलग दहा मिनिटं किंवा जास्त
आपण किती वेळा चाललात?
मी सोपं करून विचारते,
हल्ली कितपत चालणं होतं?

"हल्ली? रोज,"
ओइवा केम्पाइनेन छातीठोकपणे म्हणाले.
वय एक्क्याऐंशी, चाळीस वर्षं लाकूडतोडीवर.
"रोज अर्धा तास. तळ्याच्या धक्क्यापर्यंत आणि परत.
येताना चढ आहे, तोही लिहा."

लिहिलं. सात गुणिले तीस.
कॉफी ओतता ओतता ल्यूलीबाई म्हणाल्या,
"हल्ली मार्चमध्येच गेला."
हल्ली, त्यांचा कुत्रा.
"तेव्हापासून हे फाटकाबाहेर पडलेले नाहीत."
आणि आता ऑक्टोबर,
धक्क्याभोवती पाण्याला बर्फाची पहिली साय.

खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मी ओळखते,
वजन विचारलं की अख्खा कायनू प्रांत तो करतो.
ओइवांचा चेहरा मात्र
ठेवल्या जागी चष्मा न सापडणाऱ्या माणसाचा.
"पण चढावर धाप लागते," ते कपाकडे बघत म्हणाले,
"परवाच लागली."

दोनशे दहा मी खोडलं नाही.
त्यांच्या कमरेला पट्टा बांधला,
त्यात काडेपेटीएवढं यंत्र.
आठवडाभर राहू द्या, फक्त सौनात काढा.
यंत्र विसरत नाही, फुगवूनही सांगत नाही,
असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलंय.

नवव्या दिवशी कायानीच्या कचेरीत आलेख उघडला.
रविवारी दुपारी एक ते तीन
चार हजार पावलं!
फोन केला तर ल्यूलीबाई हसत सुटल्या.
"रविवारी? झुलत्या खुर्चीत होते की.
आइस हॉकीचं धावतं वर्णन ऐकत."

पण रात्री
दोन वाजून दहा, दोन पंधरा, दोन आठ,
सातही रात्री:
एकवीस पावलं.
मग चार-साडेचार मिनिटं काहीच नाही.
मग एकवीस पावलं.

ते घर मी डोळ्यांपुढे आणलं.
पलंग, चूल, बुटांची फळी, दार.
म्हाताऱ्या कुत्र्याला अंगणात जाऊन यायला
तेवढाच वेळ लागत असेल.
ल्यूलीबाईंना विचारलं नाही.
एवढा वेळ दार उघडं राहिलं तर गारठा पलंगापर्यंत येतोच.

दहा मिनिटांहून कमी ते धरायचं नाही,
असा नियम.
मी धरलं नाही.
खुर्चीतले चार हजार मात्र नियमात बसले.

निघण्याआधी माझाही तक्ता भरला,
दरवर्षी भरावा लागतो आम्हाला.
पोहणे: आठवड्यातून दोनदा.
तलावाचं कार्ड पाकिटात आहे,
त्यावर जानेवारीपासून तीन भोकं.
पण खांद्यांना क्लोरीनचा वास येतो माझ्या,
शपथेवर सांगते,
परवाच आला.